उद्याचं संग्रहालय आणि कामरगावची तिफन

(कामरगाव, ता. कारंजा, जि. वाशिम इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी प्रश्नोत्तरांचा काही भाग घेतला आहे.)

ती मागं उभी असलेली पोरं. बसून घ्या रे, पुढं जागा आहे.

पत्रिकेवर विषय जरा भारदस्त छापलाय: 'नवे तंत्रज्ञान, बदलता समाज आणि संग्रहालयांचे भवितव्य'. तुमच्यातल्या काहींना वाटलं असेल की हा विषय मुंबई-दिल्लीचा, आपल्याला काय त्याचं? वऱ्हाडातल्या माणसाला संग्रहालय म्हटलं की नागपूरचा अजब बंगला आठवतो. १८६३ साली सुरू झालेलं ते मध्यवर्ती संग्रहालय. सरकारी नाव कुणाच्या तोंडात बसलं नाही, लोकांनी आपलं नाव दिलं. पण त्या नावातच एक गोष्ट आहे बघा. तिथं जे आहे ते अजब, म्हणजे आपलं नव्हे. आपण तिकीट काढायचं, बघायचं, आणि 'बापरे' म्हणून बाहेर यायचं. दीडशे वर्षांवर आपलं आणि संग्रहालयाचं हेच नातं राहिलं. वस्तू कुणी निवडायची, तिच्याखाली काय लिहायचं, हे ठरवणारे वेगळे. आपण बघे.

आता पहिल्यांदा हे नातं बदलू शकतं, कारण फोटो काढायचं, आवाज धरायचं, मोजमाप घ्यायचं साधन प्रत्येकाच्या खिशात आलंय. पण बदलेलच असं नाही. सध्या पैसा आणि उत्साह दुसरीकडेच चाललाय: मोठे पडदे, डोळ्यांवर लावायचे चष्मे, बोलणारे पुतळे. यातला दहावा हिस्सा पैसा नोंदवहीवर खर्च झाला तर संग्रहालयं टिकतील, नाहीतर ती सुट्टीच्या दिवशीची करमणूक होऊन बसतील, असं माझं मत आहे. आज ते मत तुमच्यापुढं तपासायचंय.

नोंदवही म्हणजे काय? संग्रहालयात वस्तू आली की तिला क्रमांक मिळतो. ती कुठून आली, कुणाकडून, केव्हा, विकत की भेट, आणि तिच्याबद्दल खात्रीनं काय माहीत आहे, हे लिहिलं जातं. लोकांना दिसते ती काचेची पेटी. त्या पेटीला अर्थ येतो तो या वहीमुळं.

ताजं उदाहरण वाघनखांचं घ्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं २०२४ च्या जुलैत तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्याला आली, पुढं नागपूरलाही लोकांनी ती पाहिली. ग्रँट डफकडून ती त्याच्या घराण्यात आणि तिथून संग्रहालयात गेली. सोबतच्या पेटीवर मजकूर आहे, पण अफजलखानाच्या वेळची वाघनखं हीच का, याची खात्री देता येत नाही, असं ते संग्रहालय स्वतःच सांगत आलंय. ही त्या नोंदीची ताकद आहे. आपल्याकडं फलक लागले तेव्हा ती शंका तेवढी गाळली गेली. लोक भक्तीनं गेले, त्यात चूक काहीच नाही. मीही गर्दीतून वाकून पाहिली. पण शंका सांगितली असती तर कुणाची भक्ती कमी झाली असती, असं मला वाटत नाही. आता उद्याचा विचार करा. पोरगं फोनमधल्या एआयला विचारेल, 'ही महाराजांचीच का?' ते यंत्र हजार ठिकाणचा मजकूर वाचून उत्तर देणार. त्या हजारांतल्या नऊशे नव्व्याण्णव ठिकाणी शंका गाळलेली असेल तर यंत्र कुठून आणणार ती?

आता पडद्यांकडं येतो. दिल्लीला तीनमूर्तीच्या आवारात २०२२ च्या एप्रिलमध्ये प्रधानमंत्री संग्रहालय सुरू झालं. तिथं आवडत्या पंतप्रधानांबरोबर चालल्याचं चित्र मिळतं, त्यांच्या सहीचं पत्र यंत्र लिहून देतं. पोरांना मजा येते, आणि मजा वाईट नाही. रुक्ष संग्रहालयांनी फार माणसं गमावलीत. माझी तक्रार वेगळीच आहे. गुंगेरियाला १८७० साली जमिनीतून निघालेली तांब्याची हत्यारं, त्यातली काही नागपूरला आहेत, ती हजारो वर्षं जमिनीत राहून टिकली. पडदा किती टिकतो? पाच-सात वर्षं. मग त्याचे सुटे भाग मिळत नाहीत, चालवणारी कंपनी दुसरं मॉडेल काढते, आणि काचेवर चिठ्ठी लागते: 'यंत्र तात्पुरते बंद आहे'. (हशा) हसता, पण त्या चिठ्ठीमागं वस्तूच नसेल तर तिथं उरतं काय? दिल्लीत दुरुस्तीला माणूस मिळतो. वाशिमसारख्या जिल्ह्यात, जिथं लाइनीचा भरवसा नाही, तिथं वस्तूऐवजी पडदा हा फार महाग सौदा आहे.

मग मी तंत्रज्ञानाच्या विरोधात आहे का? मुळीच नाही. २ सप्टेंबर २०१८ ला ब्राझीलचं राष्ट्रीय संग्रहालय, रिओचं, एका रात्रीत जळालं. दोन कोटींच्या आसपास वस्तूंचा तो संग्रह. त्यात आदिवासी भाषांच्या ध्वनिफिती होत्या, आणि त्यातल्या काही भाषा बोलणारं आज कुणीच उरलेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून विद्यार्थ्यांनी लोकांना विनंती सुरू केली: तुम्ही कधी तिथं फोटो काढले असतील तर पाठवा. विचार करा, एवढ्या मोठ्या संस्थेचा आधार काय, तर सहलीला आलेल्या माणसाच्या फोनमधला फोटो! आपल्याकडं दिल्लीचं नैसर्गिक इतिहासाचं राष्ट्रीय संग्रहालय २०१६ च्या एप्रिलमध्ये असंच आगीत गेलं. म्हणून नक्कल हवीच. पुण्याच्या सी-डॅकनं 'जतन' नावाची प्रणाली बनवली, तिच्यावर देशातल्या मोठ्या संग्रहालयांच्या वस्तू नेटवर आल्या. चांगलं काम आहे. तिथं जाऊन दहा वस्तू उघडा. लांबी-रुंदी सापडेल, काळ सापडेल. वस्तू बनवणाऱ्या हाताचं नाव किती ठिकाणी सापडतं, ते मोजा आणि मग मला सांगा.

हा हात माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून तिफनीवर जरा थांबतो.

पुस्तकात 'तिफण' लिहितात, आपण तिफनच म्हणू. समजा, उद्या एखाद्यानं जुनी तिफन आणून तिचं उत्तम थ्रीडी स्कॅन केलं. पडद्यावर ती सगळीकडून फिरवून बघता येईल, लाकडाच्या शिरासुद्धा दिसतील. खाली लिहिलं जाईल: 'पेरणीचे अवजार, विदर्भ'. झालं? माझ्या मते कामाला अजून सुरुवातही झाली नाही. तिफनीवर चाडं असतं. त्यात मुठीनं बी सोडायचं. किती सोडायचं, बैलाच्या चालीबरोबर बोटं किती उघडायची, ओल कमी असली तर काय करायचं, हे सगळं त्या मुठीत. आणि ती मूठ अनेक घरी बाईची असायची. मागून सरतं धरून तुरीची ओळ घालणारीही बाईच. आता ट्रॅक्टर आला, पेरणी यंत्रानं होते, कापूस-ज्वारीच्या बऱ्याच रानात सोयाबीन आलं, बैल कमी झाले. चाडं धरलेल्या बाया आज साठी-सत्तरीच्या पुढं आहेत. लाकूड अजून पन्नास वर्षं राहील, कुणी चुलीत घातलं नाही तर. ती मूठ दहा-पंधरा वर्षांत जाईल. स्कॅन लाकडाचं होतं, मुठीचं नाही. मुठीसाठी साधा व्हिडिओ लागतो. आणि त्या बाईला विचारावं लागतं, मावशी, हे कसं करता? मग ती सांगेल ते मध्ये न बोलता ऐकावं लागतं.

आता कुणी म्हणेल, ऐकून लिहून काढायला यंत्र आहे. आहे, आणि दिवसेंदिवस सुधारतंय. केंद्र सरकारचा भाषिणी प्रकल्प आपल्या भाषांसाठीच आहे. पण घरी करून पाहा. म्हातारी म्हणते, 'माय पेरून रायली होती', आणि लिहून येतं, 'आई पेरत होती'. यंत्रानं पुस्तकी मराठी जास्त वाचलीय, ते प्रामाणिकपणे आपलं बोलणं 'सुधारतं'. अजब बंगल्यात वस्तू अजब झाली; इथं आपली बोली चूक ठरते. म्हणून मूळ आवाज कधी पुसायचा नाही, आणि लिहिलेलं गावातल्याच माणसानं वाचून दुरुस्त करायचं. शाळेतली पोरं हे उत्तम करतील.

असं काम झालेलंच नाही, असं समजू नका. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी भागातून सुरुवात करून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. पुढं पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या 'पारी'वर, म्हणजे ग्रामीण भारताच्या नेटवरच्या संग्रहावर, त्या येऊ लागल्या. ओवी आहे, गाणारीचं नाव आहे, गाव आहे, कित्येक ठिकाणी आवाज आणि फोटो आहे. जातं तर आपल्याकडच्या कितीतरी संग्रहालयांत पडलंय, 'दगडी जाते' अशी पाटी लावून. त्या पाटीसमोर दोन मिनिटं कुणी थांबत नाही. ओव्यांच्या पानावर माणूस तासभर रेंगाळतो. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत मराठीत झालेलं सगळ्यात मोठं संग्रहालय हेच. त्याला इमारत नाही, आणि त्याचं श्रेय तंत्रज्ञानापेक्षा गावोगाव पायी फिरून नावं लिहून घेणाऱ्यांना जास्त आहे.

दूर कशाला, आपलं कारंजा घ्या. तिथल्या जैन भांडारांत पिढ्यान्‌पिढ्या पोथ्या बांधून ठेवल्या होत्या. १९२६ साली रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली आणि या पोथ्या जगाला ठाऊक झाल्या. मग अमरावतीच्या कॉलेजात शिकवणारे प्रा. हिरालाल जैन यांनी 'करकंडचरिउ', 'णायकुमारचरिउ' हे अपभ्रंश ग्रंथ संपादित केले, प. ल. वैद्यांनी पुष्पदंताचा 'जसहरचरिउ' १९३१ साली आणला. यातले काही ग्रंथ छापून आले ते कारंजाच्याच नावाच्या मालेत. हजार वर्षांपूर्वीची जी भाषा आपल्या मराठीच्या आधीची पायरी समजली जाते, तिचा मोठा पुरावा इथून निघाला. आता हे पण पाहा: पोथ्या वाचल्या कशामुळं? समाजानं कुलपात ठेवल्या म्हणून. उपयोगी पडल्या कशामुळं? कुणीतरी विश्वासानं कुलूप काढलं आणि कुणीतरी यादी केली म्हणून. कुलूप आणि यादी, दोन्ही लागतात. सध्याची फॅशन अशी की सगळं स्कॅन करा आणि खुलं करा. ज्याची वस्तू त्याला विचारलं का, हे नंतर.

ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू आदिवासींबरोबर काम करताना 'मुकुर्तू' नावाची एक संगणक-प्रणाली तयार झाली. तिच्यात कोणता फोटो कुणी पाहायचा, हे समाज ठरवतो. मेलेल्या माणसाचा चेहरा दाखवायचा नाही, अशी रीत असेल तर यंत्र ती पाळतं. प्रणाली फुकट आहे. चष्मे आणि होलोग्रामपेक्षा हे तंत्रज्ञान मला जास्त पुढारलेलं वाटतं, त्यात चमकायला काही नसलं तरी.

एक गोष्ट बोललो नाही तर व्याख्यान अपुरं राहील. गावाचं संग्रहालय करायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं काय येतं? कोल्हापूरजवळ कणेरीला सिद्धगिरीचं ग्रामजीवन संग्रहालय आहे. माणसाएवढे सिमेंटचे पुतळे. सुतार, कुंभार, न्हावी, मोट, बैल. कारागिरी खरोखर दाद देण्यासारखी आहे, आणि लोक कुटुंबासह जातात, खुश होऊन येतात. पण ते गाव फार सुखी आहे. तिथं सगळे आपापल्या जागी समाधानात दिसतात. विहिरीवर कुणाला येऊ देत नव्हते, बलुतं कमी घातलं म्हणून कोण भांडलं, गावाबाहेर कुणाची घरं होती, हे पुतळे सांगत नाहीत. खेड्याच्या असल्या गोड चित्रावर बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत कडक टीका केली होती. उद्या हेच गाव व्हीआर चष्म्यात येईल. आपण त्यात हिंडू, पाखरांचे आवाज येतील. खोटं जितकं जिवंत दिसेल तितकं ते खोडणं अवघड. म्हणून तिफनीच्या नोंदीत एक रकाना असा हवा: ही कुणी बनवली, त्याला काय मोबदला मिळाला, आणि कुणाच्या हातात ती कधीच आली नाही, कारण त्याला जमीनच नव्हती.

मूळ वस्तूचं मोल बघायचं तर नागपूरजवळ चिचोलीला शांतिवनात जा. नानकचंद रत्तूंकडून आलेल्या बाबासाहेबांच्या वस्तू वामनराव गोडबोल्यांनी तिथं जपल्या. कपडे, टंकलेखन यंत्र. माणसं समोर उभी राहतात आणि बोलणं थांबतं. त्या कोटाचं कितीही उत्तम स्कॅन दाखवा, तसं होणार नाही. कापडाला मात्र कसर लागते, दमट हवा लागते. म्हणजे उद्याच्या संग्रहालयाचा सगळ्यात गरजेचा यंत्रज्ञ कोण? कापड-लाकूड-कागद वाचवणारा जतनतज्ज्ञ. आपल्या जिल्ह्यात किती पोरांना ठाऊक आहे की असा धंदा असतो?

बोलत्या पुतळ्यांबद्दल थोडक्यात. फ्लोरिडाच्या दाली संग्रहालयात २०१९ पासून एआयनं उठवलेला साल्वादोर दाली पाहुण्यांशी बोलतो. अमेरिकेतच शोआ फाउंडेशननं दुसरा प्रयोग केला: नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या माणसांना जिवंतपणी शेकडो प्रश्न विचारून उत्तरं चित्रित केली. आज पोरानं प्रश्न विचारला की त्यांचंच खरं उत्तर समोर येतं. दिसायला दोन्ही सारखं. पहिल्यात मेलेल्याच्या तोंडी शब्द घातले, दुसऱ्यात जिवंत माणसानं स्वतः दिले. आपल्याकडं महापुरुषांचे बोलते पुतळे येणार, हे लिहून ठेवा. ते कुणाचं मत बोलतील, हे ज्याच्या हातात कळ असेल तो ठरवेल. दुसरी वाट मात्र आपल्याला आजच मोकळी आहे. बोंडं वेचणाऱ्या बाया, जिनवर काम केलेले हमाल, कर्जापायी नवरा गेलेल्या बहिणी. त्या आहेत, बोलू शकतात. विचारायला कुणी गेलं पाहिजे.

मी एवढंच बोलतो. प्रश्न घेऊ.

(एका शिक्षिकेचा प्रश्न: शाळेनं हे काम करायचं तर सुरुवात कुठून?)

ताई, एक शंभर पानी वही आणि एक फोन. खोली नको, कपाट नको. वस्तू ज्याच्या घरची त्याच्याच घरी राहू द्या. पुण्याच्या केळकर संग्रहालयाचं उदाहरण देतो. दिनकर केळकरांनी उभं आयुष्य घालून, गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं अडकित्ते, दिवे, भांडी जमवली. वीस हजारांवर वस्तू, १९७५ साली सरकारच्या हवाली केल्या. त्यांचे उपकार आहेत, घरातल्या वस्तूला मान त्यांनी दिला. पण एवढ्या वस्तू मांडायला जागा पुरत नाही, बऱ्याच आतच असतात. आपल्याला ती अडचण ओढवून घ्यायची नाही. वस्तू घरी, नोंद शाळेत, आवाजाच्या तीन प्रती तीन वेगळ्या ठिकाणी. आणि घरच्यांची परवानगी, त्यांना वाचून दाखवून घेतलेली. उद्या ते नको म्हणाले तर नोंद काढायची.

(एका तरुणाचा प्रश्न: शकुंतला रेल्वेचं संग्रहालय व्हावं असं काही जण म्हणतात. तुमचं मत?)

मला वाटलंच होतं हा येणार. (हशा) मुर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जाणारी आपली गाडी. कापसासाठी इंग्रजांनी घातलेला अरुंद रूळ, मँचेस्टरचं १९२१ सालचं इंजिन सत्तर वर्षं धावलं, १९९४ ला डिझेल आलं. सगळं खरं, आणि हे सगळं नोंदवण्यासारखं आहे. पण सावध राहा. गाडी सुरू व्हावी, रुंद रूळ व्हावा, ही लोकांची मागणी अजून जिवंत आहे. अशा वेळी संग्रहालय झालं की मागणीवर फुलं वाहिल्यासारखं होतं. 'बघा, तुमचा वारसा आम्ही जपला' म्हणून विषय मिटतो. माझं मत असं, की तिकिटं, कंदील, स्टेशनातल्या वह्या, गाडीत भाजी विकलेल्या बायांचे आवाज, सगळं आत्ताच गोळा करा. त्याला संग्रहालय म्हणू नका, आणि स्थितीच्या रकान्यात 'सध्या बंद' लिहा. आणि ही नोंद फक्त रेल्वेप्रेमींच्या हाती देऊ नका. त्यांना इंजिनाचा क्रमांक पाठ असतो, तिकीट न काढता कारंजाच्या बाजाराला जाणारी म्हातारी त्यांच्या फोटोत येत नाही.

(प्रश्न: फोन कोणता घ्यावा?)

आहे तोच. फक्त बोलणाऱ्याच्या जवळ धरा, पंखा बंद करा, आणि सुरुवातीला तारीख, गाव आणि त्यांचं नाव त्यांच्याच तोंडून बोलून घ्या.